आनुषंगिक

तक्रार सप्टेंबरातली. मी पोचलो मे महिन्यात.
आमच्या ऑफिसात कागद
आंब्यासारखा आढीत घालतात.

निवासी भूखंड, तळ्याला लागून, करमळी.
विषय: मुख्य घराखेरीज आनुषंगिक बांधकाम, एक.
नऊ चौरस मीटर. चिऱ्याच्या तीन भिंती,
चौथ्या बाजूला गोणपाट.
माडाचे वासे, वर मंगलोरी कौले,
दोन फुटकी, तिसऱ्यावर मांजर.

नियम मला तोंडपाठ आहे:
तळ्याच्या काठापासून तीस मीटरच्या आत
असे काही उभे राहू नये
ज्याला पाया आहे.

रुझारने टेपचे टोक भिंतीला टेकवले.
मी टेप उलगडत निघालो काठाकडे.

नकाशावर निळी रेघ होती.
इथे भेगाळलेला चिखल, कमळाची वाळकी देठे,
शेवाळाचा झालेला कागद,
कुणाची तरी एक चप्पल,
आणि फार लांब, मधोमध,
ताटाएवढे चमकणारे पाणी. त्याच्याभोवती बगळे,
जेवायला बसल्यासारखे.

टेप पन्नास मीटरचा. संपला.
पाणी आले नाही.

उर्सुलीन मास्कारेन्ह सोप्यावर बसून
बिंबले चिरत होती, मीठ लावून वाळवायला.
वर न बघता म्हणाली,
"खंयच्यान मेजता रे पुता?
तळें आयज घरा ना."

शेजारी, चार नंबरात, गझीबो.
पांढरा, लोखंडी, आत झोपाळा,
ग्लास ठेवायला काचेची फळी,
खाली चार चाके.
चाके आहेत म्हणून पाया नाही,
पाया नाही म्हणून बांधकाम नाही.
नियमाच्या डोळ्यांना तिथे नुसती हवा दिसते.
तक्रार त्या हवेतूनच आली होती:
खोपीमुळे तळे दिसत नाही.

रकाना सहा: वापर.
मी गोणपाट बाजूला केले.
होडी नव्हती. भाड्याने द्यायची खाट नव्हती.
फळ्या होत्या. किंदळाच्या, काळ्या, हातभर रुंद,
पाण्याने कडा झिजवलेल्या,
एकीवर एक निजवलेल्या,
आणि प्रत्येकीवर कोयत्याने कोरलेला आकडा,
एक ते चौदा.

मानशीच्या फळ्या.

कायतान गेला त्याला सहा वर्षे झाली.
मानशीला चावी नसते, क्रम असतो,
हे तिने बिंबलांच्या देठांसारखे
सहज खुडून बाजूला ठेवले.
पाऊस सरता सरता त्या खाचेत उतरवायच्या,
चौदावी तळाला, पहिली सगळ्यात वर.
सातवी चुकून आठवीच्या जागी गेली
तर बोटभर फट राहते
आणि रात्रीत तळे उठून
चालायला लागते.

म्हणजे काठ इथेच होता.
या खोपीत, रचून ठेवलेला,
वाळवी लागू नये म्हणून
काजूच्या टरफलांचे तेल चोपडलेला.
मी उगाच उन्हात पन्नास मीटर चाललो.

रकाना चार: काठापासून अंतर.
खरे लिहायचे तर शून्य.
शून्य लिहिले तर जूनच्या आत जेसीबी,
आणि पुढच्या वर्षी तळे नाही,
तळे नाही तर काठ नाही, तीस मीटर नाहीत,
चार नंबरच्या झोपाळ्यासमोर
नुसते रान, आणि मग कदाचित
तीही एक तक्रार.

रुझार टेप गुंडाळत होता, चिखलासकट.
मी पेनाचे टोपण चावत बसलो.
समन्स घेऊन गेलेला शिपाई
जे लिहितो, तेच शेवटी लिहिले:
सदर तळे मोजणीच्या वेळी
घरी मिळून आले नाही.

निघताना तिने बिंबलांची बाटली पुढे केली.
घेता येत नाही, म्हणालो. नियम आहे.
तिने ती रुझारच्या डिकीत ठेवली.

"सप्टेंबरात यो," म्हणाली,
"सातवी जड आसा."